परसावरची जाळी

माधव नगर, उज्जैन
११ मार्च २०२५

चि. मुक्ता,

आशीर्वाद घे आणि चष्मा लावून बस, पत्र लांब आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मला बोलू देत नाहीस. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यात माझे कान गेले. हात शाबूत आहेत, म्हणून लिहिते.

यंदा परसाने मला अगदी भंडावून सोडलंय. आंब्याला मोहोर असा आलाय की पान दिसत नाही. खाली सगळं चिकट, चप्पल फरशीला धरून बसते. सकाळी सातपासून मधमाश्या सुरू होतात, त्या इतक्या की माझ्यासारख्या बहिरीलासुद्धा ऐकू येतात. तुती पिकून पिकून गळतेय. मी एकटी बाई, किती खाणार? वाटीभर सकाळी, वाटीभर दुपारी, जीभ काळी ठिक्कर. परवा पांढऱ्या पातळाचा अख्खा काठ जांभळा करून घेतला, तीन वेळा साबण लावला तरी डाग हलत नाही. शेवग्याच्या शेंगा रोज आमटीत, रोज. आता शेंग पाहिली की अंगावर काटा येतो. तुझ्याकडे त्या विकत घेतात म्हणे, घ्या बापडे.

शिंजिरांच्या जोडीने कपड्यांच्या तारेवर नेमकं मधोमध घरटं टांगलंय. एवढा मोठा परस पडलाय, पण नाही, माझीच तार हवी. आता मी ओले कपडे खुर्चीवर वाळवते. बेलाच्या बुंध्याशी मुंगूस राहायला आलंय, दुपारी दोन पिल्लं मागे घेऊन असं फिरतं की जसं काही घरपट्टी तेच भरतं.

आणि लंगूर! त्यांची पूर्ण बारात आहे, बारा-तेरा जण. फ्रीगंजकडच्या गच्च्यांवरून येतात. त्यात एक बुची आहे, डावा कान अर्धा तुटलेला. ती प्रत्येक कैरीचा एक चावा घेते आणि फेकून देते. कैरी आता कुठे बोराएवढी झालीय, तिला काय चव असणार? पण नाही, सगळ्या झाडाची परीक्षा घेऊन झाल्याशिवाय बाईसाहेब उतरत नाहीत. काठी घेऊन गेलं की दात दाखवते. या मेल्यांनी माझं जिणं हराम केलंय.

त्यात आता राखी धनेशाची जोडी आलीय. घारीएवढा पक्षी, चोच मोठी वाकडी, ओरडणं तर असं की कोणी कोणाचा गळा धरलाय. आंब्याच्या ढोलीत आळीपाळीने डोकं घालून बघताहेत, भाड्याने घर बघावं तसं. तू नववीत होतीस तेव्हा एकदा राहून गेले होते. पुन्हा राहिले तर माझं काही खरं नाही.

एकूण काय, परस म्हणजे नुसता डोक्याला ताप. तू सुखी आहेस, अकराव्या मजल्यावर.

तुझी,
ताई

*

ठाणे
१९ मार्च २०२५

ति. ताई,

नमस्कार केला असं समज, कारण पत्र वाचून माझं डोकं फिरलंय.

तीन पानं! तीन पानं नुसतं रडगाणं. दरवर्षी मार्च आला की तुझं असलं पत्र येतं. मी वाचते, हळहळते आणि ठेवून देते. यंदा नाही ठेवणार. बहात्तर वर्षांची बाई काठी घेऊन माकडांच्या अंगावर जाते, हे तुला लिहवलं तरी कसं? आमचा निखिल म्हणाला, "मावशीला सांग, लंगूर चावला तर सुया घ्याव्या लागतात." मी काय सांगणार? तू कधी कोणाचं ऐकलंयस? बाबांचंसुद्धा ऐकलं नाहीस.

जिणं हराम झालंय असं तू तुझ्या हाताने लिहिलंयस. मग आता बोलू नकोस. मी बंदोबस्त करतेय. तुला विचारलं तर तू नाहीच म्हणशील, म्हणून विचारत नाही.

तब्येत कशी आहे ते एका शब्दाने लिहिलं नाहीस. नीट, खरं लिही. मी मुद्दाम विचारतेय.

मुक्ता

*

माधव नगर, उज्जैन
२७ मार्च २०२५

चि. मुक्ता,

आशीर्वाद. तब्येतीला काय धाड भरलीय? चांगली आहे.

बंदोबस्त कसला ते कळलं नाही. मला कसलाही बंदोबस्त नको. म्हणे विचारत नाही! शाळेत वेणी मी घालून द्यायचे तुझी, आणि आता तू मला न विचारता बंदोबस्त करणार.

इकडे व्हायचं तेच झालं. धनेशीण ढोलीत शिरली आणि तिने आतून दार लिंपून घेतलं. नर चिखल आणून द्यायचा, ती आतून चोचीने थापायची, त्यात स्वतःची विष्ठाही. चार दिवसांत भिंत तयार. आता बोटभर रुंदीची एक चीर तेवढी राहिलीय. ही आत अंडी घालणार, पंखांची पिसं झाडून बसणार, आणि दोन-अडीच महिने तिला तो बाहेरून भरवणार. देवळामागच्या पिंपळाची फळं घशात भरून आणतो आणि एकेक वर काढून चिरेतून देतो. काल मी मोजली, एका खेपेला सतरा. तो एक दिवस आला नाही तर ही आत उपाशी. एवढा विश्वास कोणावर टाकावा? माझा तर दूधवाल्यावरसुद्धा नाही.

तर आता हिचं बाळंतपण माझ्या डोक्यावर. सकाळचा चहा परसात घ्यावा लागतो, कारण तो पहिल्या खेपेला बरोबर साडेसहाला येतो आणि मी खुर्चीवर नसले की फांदीवर बसून खाली बघत राहतो. माझी सकाळ अशी फुकट जातेय.

कैऱ्या दगडासारख्या लागल्यात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अकरा एप्रिलला, शुक्रवारी ठेवलंय. दहा-बारा बायका येणार, आंबेडाळ करावी लागणार, पन्हं करावं लागणार. करता करता खांदा जाईल माझा.

ताई

*

माधव नगर, उज्जैन
४ एप्रिल २०२५

मुक्ता,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

बुधवारी सकाळी मी जरा बाहेर गेले होते. एक वाजता परत आले. मागचं दार उघडलं तर परसावर आभाळ नव्हतं. गच्चीच्या कठड्यापासून मागच्या भिंतीपर्यंत हिरवी नायलॉनची जाळी, लग्नाच्या मांडवासारखी ताणलेली, आणि आंबा तिच्याखाली. तीन माणसं शेवटच्या गाठी मारत होती. जयू माझ्या घराची किल्ली हातात घेऊन उभी होती. शेजारीण म्हणून मी तिच्याकडे किल्ली ठेवते, ती याच्यासाठी ठेवते काय?

त्यातला एक मला म्हणाला, "माताजी, अब एक भी बंदर नहीं आएगा. ठाणेवाली दीदी ने सब बुक कर दिया था."

मी म्हटलं, "खोलो इसे. अभी के अभी."

"खोलने का ऑर्डर नहीं है, माताजी. दीदी से बात कर लो."

माझ्या परसात मला सांगतो, दीदीशी बोला! सामान उचलून ते निघूनही गेले. जयू म्हणे, "अगं, मुक्ताने तुझ्या भल्यासाठीच केलं ना." मी तिला म्हटलं, ढोलीत कोण आहे ते तुला माहीत नव्हतं? तर म्हणते, पक्ष्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

तीन वाजता नर आला. घसा फुगलेला, भरून आणलेला. वरून दोन घिरट्या घातल्या. मी गच्चीवर पोचून जाळीच्या गाठी सोडवत होते, माझी नखं तुटली, त्या गाठी हाताने सुटणाऱ्या नव्हत्या. कात्री आणायला खाली गेले. मला जिन्याला वेळ लागतो. परत आले तोवर त्याने बाजूने आत घुसायचा प्रयत्न केला होता. एक पंख आणि मान अडकली होती. जितका झटके देत होता तितका फास आवळत होता. मी कापत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. सुटला तेव्हा मान लुळी पडली होती. हातात घेतला तर गरम होता. घशात फळं तशीच होती, हाताला लागत होती.

ती आत आहे, मुक्ता. तिने स्वतःला कोंडून घेतलंय, कारण तिला माहीत होतं तो येणार. संध्याकाळभर चिरेतून चोचीचं टोक बाहेर येत होतं आणि आत जात होतं.

सगळी जाळी मी कापून काढली. अंधार पडेपर्यंत कापत होते. तुकडे परसात पडलेत, ते तुला पार्सलने पाठवायचा विचार होता.

मी तुला काय मागितलं होतं? काय मागितलं होतं सांग! घर माझं, परस माझा, माकडंसुद्धा माझी. तुला कोणी सांगितलं होतं माझ्या डोक्यावर जाळं टाकायला? तुझ्या घराच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, तिथे राहा तू. माझ्या घरात हात घालू नकोस.

अहल्या

*

ठाणे
१० एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. त्या दिवशी जेवण गेलं नाही. धनेशीण आत बसल्याचं तुझं आधीचं पत्र मला तीन तारखेला मिळालं, जाळी दोन तारखेला लागली होती. पण हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. पक्षी माझ्यामुळे गेला. ते पाप माझं, मान्य. ते घेऊन मी मरेन.

आता माझं ऐक, आणि पत्र फाडू नकोस.

दोन मार्चला, रविवारी, तू तुतीखाली पडलीस. दीड तास तिथे पडून होतीस. कोणाला हाक मारली नाहीस, की मारली आणि कोणाला ऐकू गेली नाही, ते देव जाणे. जयू ताकाचं भांडं परत द्यायला आली म्हणून सापडलीस. कमरेच्या हाडाला चीर आहे. मला हे जयूने फोन करून सांगितलं, तुझी शपथ मोडून. "जरा बाहेर गेले होते" म्हणे! बुधवारी तू डॉक्टरकडे दुसरा फोटो काढायला गेली होतीस. आणि ते पांढरं पातळ! काठ जांभळा झाला, साबण लावला, डाग हलत नाही. मी ते वाचून हसले होते, ताई. नंतर जयूचा फोन आला आणि कळलं की पातळ जांभळं झालं कारण तू त्या तुतीत दीड तास पडली होतीस.

तीन पानं लंगूर, शिंजीर, मुंगूस, शेवग्याच्या शेंगा. आणि मोडलेल्या हाडाला एक ओळ नाही! ही कुठली रीत झाली? लाज वाटायला हवी ती कोणाला? मी लंगूर अडवायला जाळी लावली नव्हती. तू त्यांच्यामागे धावून पुन्हा पडू नयेस म्हणून लावली होती. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "तब्येतीला काय धाड भरलीय." आणि तेच म्हणालीस! मी सरळ विचारलं होतं, खरं लिही म्हणून.

सगळी मजा चाललेली असते तेव्हा रडतेस आणि हाड मोडतं तेव्हा गिळून बसतेस. सातशे किलोमीटरवर बसून मी काय ओळखायचं? तू लिहिलंस जिणं हराम झालंय, मी ते खरं धरलं. माझी चूक एवढीच.

मुक्ता

*

माधव नगर, उज्जैन
१६ एप्रिल २०२५

मुक्ता,

जयूशी मी बोलत नाही. तिने शपथ मोडली आणि तू मला चोरासारखं पकडलंस, दोघी मिळून खूश व्हा.

पण तू जे लिहिलंस ना, की "ही कुठली रीत," ते वाचून मला पडल्यापेक्षा जास्त लागलं. रीत कुठली? आपल्या घरची! आईची! तुला काहीच आठवत नाही? भरल्या घराचं कौतुक कागदावर उतरवायचं नाही, दृष्ट लागते. मोहोर लदबदला की म्हणायचं, यंदा काही खरं नाही. दुखणं मात्र तोंडातून काढायचं नाही, नाव घेतलं की ते बळावतं. आई अशीच लिहायची. तू झालीस तेव्हा आजीला तिने लिहिलं होतं, "दुसरीही मुलगीच, काळी, रडकी, नाकाचा पत्ता नाही." आणि तू अशी होतीस की दवाखान्यातल्या नर्सा तुला बघायला यायच्या. आजीला पत्र वाचून कळलं की पोर सुंदर आहे, तिने पेढे वाटले. आजीला कळलं. तुला कळत नाही!

चाळीस वर्षं मी तुला परसाचं सुख लिहितेय, माझ्या जगात दुसरं आहे काय? आणि तू इतकी वर्षं हळहळत होतीस? कीव करत होतीस माझी? बुचीने कैरी फेकली म्हणून मी रडतेय असं वाटलं तुला? ती बुची तीन वर्षं येतेय. यंदा उशिरा आली, तर मी चार दिवस गच्चीवर जाऊन वाट बघत होते. तेव्हा कमरेला काही झालं नव्हतं.

आता ढोलीचं. नर गेल्यापासून मी भरवतेय. पापडाचा चिमटा लांब बांबूला बांधलाय, त्यात उंबर धरायचं. ढोली बारा फुटांवर, जमिनीवरून नेम लागत नाही, म्हणून जयूची शिडी. पहिले दोन दिवस तिने चोच लावली नाही. उंबर चिरेशी धरून माझा हात भरून यायचा, आणि आत काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चोच बाहेर आली, उंबर ओढलं गेलं, आणि मी शिडीवर उभी राहून मोठ्याने रडले. दिवसातून चार वेळा चढते. उंबरं, पिंपळफळं, पपईचे तुकडे. हो, दुखतं. तुझ्या कृपेने आता तुला माहीतच आहे, तर लपवून काय करू?

गौर बसवली, पण हळदीकुंकू केलं नाही. लिंबाखाली तो नर पुरलेला असताना बायकांना आंबेडाळ वाढायची माझी इच्छा झाली नाही.

अहल्या

*

ठाणे
२१ एप्रिल २०२५

ताई,

शिडी! चीर गेलेल्या हाडाची बाई दिवसातून चार वेळा शिडी चढते, आणि वर मला रीत शिकवते!

मी जयूला फोन करून शिडी परत न्यायला सांगितलंय. ओरड मला, पण शिडी जाणार. तिच्या सुनेने, गौरीने, सकाळ-संध्याकाळ चढून भरवावं असंही सांगितलंय, ती हो म्हणालीय.

आईची रीत मला आठवली. तू पेढ्यांचं लिहिलंस आणि लख्ख आठवली. पण आजी आईला ओळखायची कारण ती दर महिन्याला येऊन राहायची, डोळ्यांनी बघायची. मी बघायला तिथे नाही. मला फक्त कागद आहे. हो, विसरले. आपल्या घरची भाषा विसरले मी, ठाण्याची झाले, घे, लिहून देते. आता मला लिहायचं असेल तर सरळ लिही. छान असेल तर छान लिही आणि दुखत असेल तर दुखतं लिही. नाहीतर लिहूच नकोस. कारण तू काहीतरी लिहितेस, मी काहीतरी समजते आणि तिकडे पक्षी मरतो.

ती खातेय का? किती दिवस अजून? उंबरं मिळतात ना?

मुक्ता

*

माधव नगर, उज्जैन
३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया

मुक्ता,

तुझा दुसरा बंदोबस्तही झाला, तो ऐक.

गेल्या बुधवारी सकाळी जयू शिडी घेऊन गेली. गौरी शिकवते त्या शाळेत परीक्षेचे पेपर तपासायचे होते, ती त्या संध्याकाळी आली नाही, दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिचा दोष नाही, तिला वाटलं सासू सांगेल, सासूला वाटलं सून गेली असेल. मी खालून बांबू उंचावत होते, चिमटा चिरेपर्यंत पोचत होता पण उंबर आत जायच्या आधी खाली पडायचं. दीड दिवस ती उपाशी राहिली. शुक्रवारी सकाळी आतून ठकठक सुरू झाली. मला ऐकू आली नाही, बुंध्याला हात लावला होता म्हणून कळली. नऊ वाजता भिंतीचा तुकडा पडला आणि ती बाहेर आली. बाहेर आली म्हणजे खाली पडली. शेपटी नाही, पंखांची जुनी पिसं झडलेली, नवी अर्धवट फुटलेली. उडता येत नाही तिला.

गौरी धावत आली, शिडी घेऊन चढली. आत तीन अंडी होती, गार, उपाशीपोटी तिने ती उबवायची आधीच सोडली असणार. पोर खाली उतरून माझ्यासमोर रडायला लागली, मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिने जंगल खात्यात फोन केला. ते म्हणाले, जागेवरून हलवू नका, खायला देत राहा, मांजरापासून जपा, दोन-तीन आठवड्यांत पिसं येतील, उडून जाईल.

आता ती पेरूच्या खालच्या फांदीवर बसते. माझ्या हातातून पपई घेते. मांजर दोनदा येऊन गेली. शिवाय बेलाखालचं मुंगूस, ज्याचं मी एवढं कौतुक करते, तेसुद्धा बुंध्याशी येऊन वर बघून जातं. मी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काठी घेऊन फांदीखाली खुर्ची टाकून बसते. रात्री गौरी तिच्यावर टोपली झाकते आणि वर वीट ठेवते.

तू म्हणालीस सरळ लिही. घे तर.

कंबर फार दुखते. डॉक्टर म्हणाले होते सहा आठवडे चालू नका, मी चालले, म्हणून चीर वाढलीय. खुर्चीवर दोन तास बसलं की मला उठता येत नाही. काल दुपारी मांजर भिंतीवर दिसली, मी उठायला गेले आणि उठलेच नाही. काठी फेकून मारली, ती शेवग्याला लागली. मांजर घाबरली नाही. गौरी भाजी घेऊन येत होती म्हणून धनेशीण वाचली, नाहीतर गेलीच होती माझ्या डोळ्यांदेखत. आंघोळीला बसायला मी घाबरते. जिना चढलेच नाही आठ दिवस. तुतीखाली पडले होते तेव्हा मी हाका मारल्या होत्या, मुक्ता. खूप मारल्या. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या.

आणि परस छान आहे. फार छान आहे. तुती इतकी गोड कधी झाली नव्हती. शिंजिरांची पिल्लं तारेवरून उडून गेली, मी पाहिली. कैऱ्या मुठीएवढ्या झाल्यात, बुचीने निम्म्या फेकल्या तरी निम्म्या उरल्यात. कालच गौरीने त्यांची गूळ घालून आंबटगोड लौंजी केली, बोटं चाटत खाल्ली. मोगरा ओंजळभर फुलतो. असा वसंत मी बहात्तर वर्षांत पाहिला नाही. लिहिलं बघ. दृष्ट लागायची ती लागून गेली, आता लिहायला कसली भीती?

राग गेलेला नाही. तो नर माझ्या हातात गार झाला हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. शिडीचं तर नाहीच. तू आलीस की पहिले दोन दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, स्टेशनवर उतरून तोंड पाडू नकोस. तुझ्या हातचा चहा पिईन, तेवढंच.

पण सकाळी सहा ते अकरा मी बसेन, अकरा ते चार फांदीखाली कोणीतरी बसायला हवं. जिचे पाय धावतात आणि जिला हाक ऐकू येते अशी कोणी. चारनंतर गौरी येईल, पण तिच्या शाळेला सुट्टी लागायला अजून वेळ आहे. मला एकटीला आता होत नाही, मुक्ता. लवकर ये.

ताई